चित्रतबकडीचें यंत्र निवडतांना

घरांत एकादी नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे आपल्याकडील सुज्ञ गृहस्थ प्रथम चार ठिकाणीं चौकशी करितो, आणि मगच खिशांत हात घालतो. बैल घेणारा शेतकरी त्याचे दांत पाहतो; मडकें घेणारी गृहिणी तें वाजवून पाहते. परंतु विजेचीं यंत्रें घेतांना मात्र ही जुनी चाल आपण विसरतों. दुकानदारानें पेटीवरील मोठीं अक्षरें दाखविलीं कीं आपलें समाधान होतें. आणि पेटी घरीं आणून उघडल्यावर आपणांस हवें होतें तें हें नव्हे, असें कळून येतें. अशा यंत्रांपैकीं एकाविषयीं, म्हणजे चित्रपटांच्या तबकड्या दाखविणाऱ्या ब्लू-रे यंत्राविषयीं, विद्यार्थी व पालक यांस उपयोगी पडतील अशा कांहीं गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हाच विषय घेण्याचें कारण असें. आमची वाडी नागपुराच्या पश्चिमेस अमरावती रस्त्यावर वसलेली. येथील पुष्कळ घरांतील मुलगे, मुली, सुना व जांवई आज शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व आखाती देश यांत राहतात. दिवाळीस अथवा नाताळांत तीं मंडळी घरीं येतात, तेव्हां आजीआजोबांसाठीं व भाचरांसाठीं चित्रपटांच्या तबकड्या घेऊन येतात. आणि जातांना घरच्या लग्नकार्याच्या, मराठी नाटकांच्या व बोलपटांच्या तबकड्या सोबत नेतात. पुढें असें होतें कीं, तिकडून आलेली तबकडी येथें चालत नाहीं, व येथून गेलेली तिकडे चालत नाहीं. तबकडी कोरी करकरीत, यंत्रहि नवें; तरी पडद्यावर 'ही तबकडी या प्रदेशांत चालणार नाहीं' अशा अर्थाच्या दोन ओळी उमटतात. आजोबा म्हणतात, यंत्र बिघडलें. नातू म्हणतो, तबकडी खराब आहे. वास्तविक दोहोंपैकीं कांहींच बिघडलेलें नसतें. यंत्र व तबकडी यांचें जमत नाहीं, इतकेंच. तें कां जमत नाहीं, व जमवून घेणारें यंत्र कसें निवडावें, हें समजून घेतल्यास पैसाहि वांचेल आणि घरांतील वादहि मिटेल.

प्रथम तबकडीचें स्वरूप पाहूं. सी.डी., डी.व्ही.डी. व ब्लू-रे या तिन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटरच असतो, आणि दिसावयास त्या सख्ख्या बहिणी दिसतात. तिन्हींच्या अंगावर डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म खळगे एका लांबच लांब चक्राकार रेषेंत उमटविलेले असतात. यंत्रांतील लेसर नांवाचा प्रकाशकिरण त्या रेषेवरून फिरतो. खळगा आला कीं परत येणारा प्रकाश बदलतो, आणि त्या बदलांवरून यंत्र चित्र व ध्वनि पुन्हां उभे करितें. भेद आहे तो किरणाचा. सी.डी.साठीं ७८० नॅनोमीटर लहरीचा, डोळ्यांस न दिसणारा किरण लागतो, डी.व्ही.डी.साठीं ६५० नॅनोमीटर लहरीचा तांबडा. आणि ब्लू-रेसाठीं ४०५ नॅनोमीटर लहरीचा निळसर जांभळा. ब्लू-रे म्हणजे निळा किरण, हें नांव त्यावरूनच पडलें.

लहर जितकी आखूड, तितका किरणाचा ठिपका बारीक करितां येतो. जाड बोरूनें कागदावर जेथें चार ओळी बसतात, तेथें बारीक टोंकाच्या टांकानें दहा ओळी बसतात, तसाच हा प्रकार आहे. सी.डी.वर रेषेच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असतें, डी.व्ही.डी.वर तें ०.७४, आणि ब्लू-रेवर अवघें ०.३२ असतें. म्हणून डी.व्ही.डी.च्या एका थरांत ४.७ गिगाबाइट, तर ब्लू-रेच्या एका थरांत २५ गिगाबाइट मजकूर मावतो. ही बारीक लेखणी हातीं येणें सोपें नव्हतें. तांबडा प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा पुष्कळ आधीं तयार झाला, परंतु निळ्यानें शास्त्रज्ञांस अनेक वर्षें दाद दिली नाहीं. उत्तम निळा दिवा सिद्ध करणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें, यावरून त्या कामाची थोरवी विद्यार्थ्यांनीं ओळखावी.

मजकूर अधिक मावला कीं चित्र अधिक स्पष्ट होतें. आपल्याकडील डी.व्ही.डी.चें चित्र आडवे ७२० व उभे ५७६ ठिपके मिळून बनतें. ब्लू-रेचें १,९२० व १,०८० ठिपक्यांचें असतें. ब्लू-रे २००६ सालीं बाजारांत आली. पुढें २०१६ सालीं तिचीच थोरली बहीण, चार-के या नांवानें ओळखली जाणारी तबकडी, निघाली. तिचें चित्र ३,८४० व २,१६० ठिपक्यांचें. यांत एक सोय अशी कीं, नवें यंत्र जुनी तबकडी वाचतें. ब्लू-रे यंत्रांत डी.व्ही.डी. चालते; चार-के यंत्रांत तिन्ही चालतात. याच्या उलट मात्र घडत नाहीं.

आतां अडचणींकडे वळूं. त्या तीन आहेत, आणि तिन्ही एकमेकींपासून अगदीं निराळ्या आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळेंच लोक फसतात.

पहिली अडचण प्रदेशाच्या खुणेची. वाडींतील मालाचीं गोदामें आमच्या वाचकांस माहीत आहेतच. तेथें देशांतील चारी दिशांचा माल येऊन पडतो, व प्रत्येक नगावर तो कोठें जावयाचा याची चिठ्ठी असते. नागपूरचा नग चुकून रायपूरला उतरला तर तेथील माणूस चिठ्ठी पाहून तो परत करितो. आंतील माल उत्तम असला तरीहि तो उघडीत नाहीं. तबकडीवरील प्रदेशाची खूण ही अशीच चिठ्ठी होय. यंत्र प्रथम चिठ्ठी पाहतें; ती आपल्या प्रदेशाची नसेल तर माल उघडीत नाहीं.

डी.व्ही.डी. जपानांत १९९६ सालीं व अमेरिकेंत १९९७ सालीं निघाली, तेव्हां तिच्यासाठीं जगाचे सहा भाग पाडण्यांत आले. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कानडा हा पहिला. यूरोप, जपान, मध्यपूर्व व दक्षिण आफ्रिका हा दुसरा. आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान व हाँगकाँग हा तिसरा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण अमेरिका हा चौथा. भारत, रशिया व आफ्रिकेचा बराच भाग हा पांचवा. आणि चीन हा सहावा. विमानें व आगबोटी यांकरितां आठवा अंक निराळा ठेविला आहे. ब्लू-रे निघाली तेव्हां हे भाग तीनच करण्यांत आले, व त्यांस इंग्रजी अक्षरें देण्यांत आलीं. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया व आग्नेय आशिया यांस 'ए'. यूरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांस 'बी'. आणि भारत, चीन, रशिया व त्यांच्या शेजारचे देश यांस 'सी'. जपान डी.व्ही.डी.च्या कामीं यूरोपच्या पंक्तीस, तर ब्लू-रेच्या कामीं अमेरिकेच्या पंक्तीस बसतो, हें ध्यानांत ठेवावें. म्हणजे डी.व्ही.डी.चा अंक कळला म्हणून ब्लू-रेचें अक्षर कळलें असें होत नाहीं.

हे भाग कोणी व कां पाडले, असें विद्यार्थी विचारतील. त्याचें कारण व्यापाराचें आहे. एकादा चित्रपट अमेरिकेंत उन्हाळ्यांत लागतो, आणि इतर देशांत त्यानंतर कांहीं महिन्यांनीं लागतो. दरम्यान अमेरिकेंत निघालेली तबकडी इकडे येऊन पोंचली तर थिएटरांत कोण जाणार, ही चित्रपट-कंपन्यांची भीति होती. शिवाय एकाच चित्रपटाचे विक्रीचे हक्क निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कंपन्यांस विकलेले असतात; एकीनें दुसरीच्या शेतांत नांगर घालूं नये, म्हणून हे बांध घातले गेले. कंपन्यांच्या बाजूनें पाहतां यांत कांहीं तथ्य आहे. परंतु ज्यानें तबकडी पैसे मोजून घेतली त्याच्या बाजूनें पाहतां हा बांध मोठा गैरसोयीचा आहे.

याचें एक उदाहरण मनास लागण्याजोगें आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' व 'अपूर संसार' या तीन चित्रपटांच्या मूळ फिती १९९३ सालीं लंडन येथील एका प्रयोगशाळेस लागलेल्या आगींत सांपडल्या. पुढें इटलींतील बोलोन्या शहरच्या कारागिरांनीं त्या जळक्या फितींतील वांचलेले भाग मोठ्या कष्टानें नीट केले, व उरलेलें इतर प्रतींवरून घेऊन तिन्ही चित्रपट पुन्हां उभे केले. अमेरिकेंतील क्रायटीरियन कंपनीनें २०१५ सालीं ते ब्लू-रेवर काढले. चित्रपट आपल्या देशाचे. परंतु त्या तबकड्यांवर अक्षर पडलें 'ए'. न्यूजर्सींतील मुलानें त्या हौसेनें आणल्या, तरी वाडींतील 'सी' अक्षराचें यंत्र त्या उघडीत नाहीं.

या ठिकाणीं दादासाहेब फाळके यांची आठवण होते. मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक परदेशी चलच्चित्र पाहून, अशींच चित्रें आपल्या देशांतील कथांवर कां निघूं नयेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ सालीं ते लंडनला गेले. तेथें 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांचा सल्ला घेऊन त्यांनीं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. ३५ मिलिमीटर रुंदीची फीत १९०९ सालींच सर्व देशांनीं प्रमाण म्हणून मानली होती. त्यामुळें पॅरिसची फीत मुंबईच्या यंत्रावर बिनदिक्कत चालत असे. त्या फितीवर प्रदेशाची खूण असती, तर फाळक्यांस तें चित्र दिसलें असतें काय? आणि घाईनें मिळेल तें यंत्र न घेतां जाणत्यास विचारून त्यांनीं तें घेतलें, हा त्यांचा कित्ता यंत्र घेणाऱ्या प्रत्येकानें गिरवावा.

दुसरी अडचण चित्राच्या पद्धतीची. हिचा प्रदेशाच्या खुणेशीं कांहीं संबंध नाहीं, आणि कोणी मुद्दाम घातलेली ही आडकाठीहि नव्हे. ती इतिहासानें आलेली आहे. आमच्या नागपुरास इतवारी स्थानकावर २०१९ सालापर्यंत दोन रुंदींचे रूळ होते. मोठ्या गाडीचा रूळ १,६७६ मिलिमीटरांचा, व नागभीडकडे जाणाऱ्या लहान गाडीचा ७६२ मिलिमीटरांचा. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालत नसे, व उतारूंस गाडी बदलावी लागे. यांत कोणाचें वैर नव्हतें. दूरचित्रवाणीचें असेंच झालें. अमेरिकेंतील विजेचीं सेकंदांत ६० आवर्तनें होतात, म्हणून तेथें सेकंदास ३० चित्रें दाखविण्याची पद्धत पडली, तिला एन.टी.एस.सी. म्हणतात. यूरोपांत व भारतांत विजेचीं सेकंदांत ५० आवर्तनें होतात, म्हणून येथें २५ चित्रें दाखवितात. या पद्धतीस पॅल म्हणतात. भारतांत रंगीत दूरचित्रवाणी १९८२ सालीं सुरू झाली ती पॅल पद्धतीनेंच.

आपल्याकडे विकलीं जाणारीं बहुतेक यंत्रें दोन्ही पद्धतींच्या डी.व्ही.डी. दाखवितात, म्हणून आपणांस या भेदाची जाणीव नसते. अमेरिकेंत विकलीं जाणारीं पुष्कळ यंत्रें मात्र केवळ आपलीच पद्धत ओळखतात. यामुळेंच येथील छायाचित्रकारानें केलेली लग्नाची तबकडी, जिच्यावर प्रदेशाची कसलीहि खूण नाहीं, ती अमेरिकेंतील मुलीच्या घरीं उघडत नाहीं. खूण नाहीं म्हणजे अडचण नाहीं, असें समजणारे येथें चकतात. अशा घरांनीं छायाचित्रकारास आधींच सांगून एक प्रत एन.टी.एस.सी. पद्धतीची करून घ्यावी, अथवा मूळ चित्रण पेनड्राइव्हवर मागून घ्यावें; संगणकास दोन्ही पद्धती सारख्याच. ब्लू-रे चित्रपट बहुधा सेकंदास २४ चित्रांच्या बेतानें भरलेले असतात, म्हणून त्यांत ही अडचण थोडी; तरी यूरोपांतील कांहीं ब्लू-रे तबकड्या ५० च्या मापानें भरलेल्या असतात, व त्या अमेरिकेंतील यंत्रावर अडतात.

तिसरी अडचण विजेच्या दाबाची. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्ट, तर अमेरिकेंतील १२० व्होल्ट दाबाची. परदेशांतून यंत्र आणल्यास त्याच्या पाठीमागील पट्टी वाचावी. तीवर १०० ते २४० असें लिहिलेलें असेल तर चिंता नाहीं. केवळ ११० किंवा १२० लिहिलेलें असेल, तर तें थेट आपल्या भिंतींतील खटक्यास जोडूं नये. एका क्षणांत यंत्र जळतें. मध्यें दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर घालावा. ही सूचना लहान दिसते, परंतु यंत्र कायमचें हातचें जातें तें हिच्याकडेच दुर्लक्ष केल्यामुळें.

आतां निवडीचा प्रश्न. यंत्र पाहण्यापूर्वीं आपलें कपाट पाहावें, हें आमचें मुख्य सांगणें आहे. तबकडी ही धनीण व यंत्र हा चाकर. धनिणीस काय हवें तें न विचारतां चाकर ठेवणें शहाणपणाचें नव्हे. घरांतील सर्व तबकड्या काढून त्यांच्या वेष्टनाची मागील बाजू वाचावी. डी.व्ही.डी.वर पृथ्वीच्या गोलाच्या लहान चित्रांत अंक असतो. ब्लू-रेवर ए, बी किंवा सी अक्षर असतें. जीवर अशी खूण नाहीं, किंवा तिन्ही अक्षरें आहेत, तिला प्रदेशाची अडचण बहुधा कोठेंहि येत नाहीं. हिंदी व मराठी चित्रपटांच्या पुष्कळ तबकड्यांवर प्रदेशाचें बंधन घातलेलें नसतें. परदेशी कंपन्यांच्याहि अनेक ब्लू-रे खुल्या असतात. ही यादी झाली म्हणजे बहुतेक कुटुंबें तीन वर्गांपैकीं एका वर्गांत पडतात.

पहिला वर्ग, ज्यांच्या घरीं सर्व तबकड्या खुल्या किंवा भारतीय खुणेच्या आहेत त्यांचा. यांनीं साधें ब्लू-रे यंत्र घ्यावें. सर्व प्रदेशांचें म्हणून विकलें जाणारें यंत्र पुष्कळ महाग असतें. जें कधीं लागणार नाहीं त्यासाठीं पैसे देणें ही उधळपट्टी होय.

दुसरा वर्ग, ज्यांच्या घरीं परदेशी खुणेच्या दोनचार डी.व्ही.डी. आहेत त्यांचा. यांस संगणकानें भागवितां येतें. परंतु सावध असावें. २००० सालानंतरच्या संगणकांतील डी.व्ही.डी. वाचणाऱ्या भागास प्रदेश बदलण्याची मुभा केवळ पांच वेळां असते. पांचव्या वेळीं जो प्रदेश ठरेल तो कायमचा. संगणक 'प्रदेश बदलूं काय?' असें विचारतो, तेव्हां मुलें न वाचतांच 'होय' वर बोट ठेवितात. तसें करूं नये. परदेशी तबकड्या सर्व एकाच देशाच्या असतील, तर त्या देशचें एक साधें जुनें यंत्र निराळें आणून ठेवणें हाहि स्वस्त उपाय आहे; मात्र वर सांगितलेला विजेचा दाब विसरूं नये.

तिसरा वर्ग, ज्यांच्या कपाटांत अनेक देशांच्या तबकड्या आहेत, किंवा ज्या ग्रंथालयास व संस्थेस अशा तबकड्या देणगीदाखल मिळतात, त्यांचा. सर्व प्रदेशांचें यंत्र खरोखर लागतें तें यांसच. त्यांनीं विक्रेत्यास पुढील प्रश्न स्पष्ट विचारावे.

एक, हें यंत्र डी.व्ही.डी.चे सर्व अंक घेतें, कीं ब्लू-रेचीं तिन्ही अक्षरेंहि घेतें? पेटीवर 'सर्व प्रदेश' असें छापलेलें असतें, परंतु पुष्कळदां तें डी.व्ही.डी.पुरतेंच खरें असतें. डी.व्ही.डी.चें बंधन कित्येक यंत्रांत रिमोटवरील कांहीं बटणें ठराविक क्रमानें दाबून सुटतें; ब्लू-रेचें बहुधा तसें सुटत नाहीं, त्यासाठीं यंत्राच्या आंत निराळा भाग बसवावा लागतो. म्हणून दोहोंविषयीं निरनिराळें विचारावें.

दोन, प्रदेश हातानें निवडतां येतो काय? अमेरिकेंतील कांहीं डी.व्ही.डी. अशा काढण्यांत आल्या आहेत कीं, यंत्र 'मी सर्व प्रदेशांचें' असें सांगूं लागलें तर त्या चालण्याचें नाकारतात. यंत्रानें 'मी पहिल्या प्रदेशाचें' असेंच सांगावें लागतें. ज्या यंत्रांत अंक व अक्षर आपणांस ठरवितां येतें, तें अधिक भरंवशाचें.

तीन, पॅल व एन.टी.एस.सी. या दोन्ही पद्धती तें घेतें काय, आणि आपल्या संचास मानवेल तें चित्र बाहेर देतें काय?

चार, चार-के यंत्र असेल तर विशेष सावधगिरी. चार-के तबकडीवर प्रदेशाचें बंधन नसतें, हें खरें. रिचर्ड अॅटनबरो यांचा १९८२ सालचा 'गांधी' हा चित्रपट २०२० सालीं अमेरिकेंत चार-के तबकडीवर निघाला. ज्याच्या वेषभूषेबद्दल आमच्या कोल्हापूरच्या भानु अथैया यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें, व ज्यांत कस्तुरबांचें काम रोहिणी हट्टंगडी यांनीं केलें, तोच हा चित्रपट. अशी चार-के तबकडी भारतांतील चार-के यंत्रावर निर्वेधपणें पाहतां येते. परंतु त्याच यंत्रांत साधी ब्लू-रे किंवा डी.व्ही.डी. घातली कीं जुनें बंधन पुन्हां आडवें येतें. 'चार-के आहे, म्हणजे सर्व चालेल' हें विक्रेत्याचें बोलणें अर्धेंच खरें असतें.

पांच, यंत्र आंतून बदललेलें असेल तर तें बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार? मूळ कंपनी बहुधा हमी नाकारते; म्हणून बदल करणाऱ्या विक्रेत्यानें आपली हमी लेखी द्यावी. शिवाय अशीं यंत्रें इंटरनेटला जोडलीं म्हणजे कंपनीकडून नवी आज्ञावली आपोआप उतरते, व तीमुळें केलेला बदल पुसला जाण्याचा संभव असतो. विक्रेत्यास विचारल्यावांचून ती उतरवूं नये.

हे प्रश्न विचारूनहि शेवटची कसोटी डोळ्यांची. सीताबर्डीच्या बाजारांत जातांना घरांतील निरनिराळ्या खुणांच्या तीन तबकड्या पिशवींत घालून न्याव्या, व पैसे देण्यापूर्वीं तिन्ही तेथेंच लावून पाहाव्या. बैलाचे दांत पाहण्याचा प्रकार तो हाच. जो विक्रेता लावून दाखविण्यास कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊं नये.

असें यंत्र वापरणें कायद्याविरुद्ध तर नाहीं ना, अशी शंका कांहीं पालकांस येईल. भारताच्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं कलम ६५-अ घालण्यांत आलें. लेखक-निर्मात्यांचे हक्क बुडविण्याच्या हेतूनें संरक्षक योजना मोडणाऱ्यास त्यांत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे त्या कलमाचा रोख हेतूवर आहे. पैसे देऊन घेतलेली तबकडी आपल्या घरीं पाहणें निराळें, आणि तिच्या चोरून प्रती काढून विकणें निराळें. रस्त्यावर मिळणाऱ्या चोरट्या प्रतीवर प्रदेशाची खूण नसते, म्हणून ती सर्वत्र चालते, हें खरें. परंतु जी वस्तु कोणाच्या तरी श्रमांचा मोबदला बुडवून स्वस्त झाली, ती चांगल्या घरांत येऊं नये. आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढा विवेक बाळगावा अशी आमची अपेक्षा आहे.

शेवटीं एक प्रश्न उरतो. आज इंटरनेटवर हवा तो चित्रपट मोबाईलवर दिसतो. मग तबकडीचा व यंत्राचा खटाटोप कशास? त्यास उत्तर असें कीं, इंटरनेटवर आपण चित्रपट विकत घेत नाहीं, तो पाहण्याची परवानगी घेतों. कंपन्यांचे आपसांतील करार संपले कीं आज दिसणारा चित्रपट उद्यां दिसेनासा होतो. कपाटांतील तबकडी कोणी येऊन नेत नाहीं. आणि घरच्या मंगलकार्याची तबकडी तर जगांतील कोणत्याहि कंपनीपाशीं मिळावयाची नाहीं. मात्र यंत्रें करणारे कारखाने कमी होत चालले आहेत. ओप्पो कंपनीनें २०१८ सालीं हा धंदा सोडला, सॅमसंगनें २०१९ सालीं अमेरिकेच्या बाजारासाठीं नवीं यंत्रें काढण्याचें थांबविलें, एल.जी.नें २०२४ सालीं हात आखडला. सोनी कंपनीनें आपल्या कोऱ्या, म्हणजे घरीं भरावयाच्या, ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन २०२५ सालीं बंद केलें. म्हणून ज्यांस यंत्र घ्यावयाचें आहे त्यांनीं तें विचारपूर्वक घ्यावें, व घेतलेलें जपून वापरावें. घरच्या तबकड्यांतील मजकुराची एक प्रत निराळ्या साधनावर काढून ठेवावी, आणि तबकडी पुसतांना मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी; गोल गोल पुसूं नये, कारण रेषेच्या वळणानें पडलेला ओरखडा यंत्रास अधिक नडतो.

विद्यार्थ्यांनो, हें काम तुम्हांजोगें आहे. वेष्टनावरील बारीक अक्षरें आजोबांस दिसत नाहींत, व वडिलांस वेळ नसतो. येत्या सुटींत एक वही घ्या, घरांतील प्रत्येक तबकडीचें नांव, तिचा अंक किंवा अक्षर, आणि तिची पद्धत तींत उतरवून काढा. ती वही वडिलांच्या हातीं द्या, आणि तिच्या आधारें कोणतें यंत्र घ्यावयाचें, किंवा मुळींच घ्यावयाचें नाहीं, हें घरांतील सर्वांनीं मिळून ठरवा. एका तासाच्या या श्रमानें घरचे हजारों रुपये वांचूं शकतील, आणि दूरदेशीं असलेल्या ताईनें प्रेमानें पाठविलेली तबकडी आजीला घरबसल्या पाहतां येईल.